शेवंतीची ओळख : नाव, वनस्पती आणि लागवड यांचा इतिहास
(मुंबई उपनगरांच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मार्गशीर्ष महिन्यातील गुरुवारी अंधेरी, बोरिवली, घाटकोपर किंवा मुलुंड यांपैकी कोणत्याही रेल्वे स्थानकाबाहेर फुलवाल्यांच्या टोपल्यांत पिवळी व पांढरी शेवंती हमखास दिसते. महालक्ष्मीच्या व्रताची पूजा, स्त्रियांच्या केसांतील वेणी, देवघरातील हार अशा सर्व ठिकाणी या फुलाला मानाचे स्थान आहे. त्यामुळे शेवंती हे आपल्या संस्कृतीतील अतिप्राचीन फूल आहे, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. जुन्या वाङ्मयात 'सेवंती' वा 'सेवती' हा शब्द आढळला की संपादक व भाष्यकार त्याचा अर्थ निःशंकपणे आजच्या शेवंतीशी जोडतात.

इतिहासाच्या अभ्यासकाला असे गृहीत धरून चालत नाही. शब्द जुना असला म्हणजे त्या शब्दाने दर्शविलेली वस्तूही तितकीच जुनी असते, असे नाही. दसऱ्याच्या तोरणातील झेंडू हे याचे परिचित उदाहरण होय. झेंडूचे मूलस्थान मेक्सिको व मध्य अमेरिका असून सोळाव्या शतकात युरोपीय लोकांचा त्या खंडाशी संबंध आल्यानंतरच तो जगाच्या इतर भागांत पोहोचला. आज झेंडूविना दसऱ्याची कल्पना करवत नाही. तरीही यादवकाळातील दसऱ्याला झेंडू नव्हता, हे निश्चित. शेवंतीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. येथे केवळ वनस्पतीने प्रवास केलेला नाही, तर नावानेही एका वनस्पतीवरून दुसऱ्या वनस्पतीवर स्थलांतर केलेले दिसते.

प्रस्तुत शोधनिबंधाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) शेवंती व तिच्यासारखी दिसणारी इतर फुले यांच्यातील भेद स्पष्ट करणे, (२) शेवंतीच्या शास्त्रीय व देशी नावांचा इतिहास तपासणे, (३) मुंबईतील वनस्पतीविषयक नोंदींची व्याप्ती व मर्यादा दाखविणे, आणि (४) उपनगरांतील लागवडीचे स्वरूप भौगोलिक व प्रशासकीय बदलांच्या संदर्भात समजून घेणे.

वनस्पतीची ओळख

शेवंती ही ॲस्टरेसी कुळातील वनस्पती आहे. या कुळाला पूर्वी कंपोझिटी म्हणत. सूर्यफूल, झेंडू, डेझी, ॲस्टर, झिनिया, जर्बेरा, गलांडा ही सारी याच कुळातील होत. या कुळाचे वैशिष्ट्य असे की, ज्याला आपण एक फूल म्हणतो ते वस्तुतः अनेक लहान फुलांचा समूह असतो. मराठी परिभाषेत या समूहास 'स्तबक' म्हणतात. स्तबकाच्या कडेला पाकळीसारखी दिसणारी किरणपुष्पके असतात आणि मध्यभागी नळीसारखी बिंबपुष्पके असतात. स्तबकाच्या तळाशी हिरव्या छदांचे मंडल असते. एकेरी डेझीत हे दोन्ही भाग स्पष्ट दिसतात. दुहेरी शेवंतीत मात्र किरणपुष्पकांची संख्या इतकी वाढलेली असते की मधले बिंब झाकले जाते किंवा नाहीसेच होते.

बाजारात वा बागेत ओळख पटविताना केवळ फुलाच्या रंगावर व आकारावर विसंबून राहिल्यास फसगत होते. पाने, छदे व फळ यांकडे पाहणे आवश्यक असते. शेवंतीची पाने एकाआड एक, कमीअधिक खोल खंडांची व चुरगळल्यास उग्र वास देणारी असतात. छदांच्या कडा पातळ, कागदासारख्या असतात आणि फळावर केसांचा झुबका नसतो. झेंडूचे पान पिसासारखे विभागलेले असून त्यावर तैलग्रंथींचे ठिपके दिसतात. त्याची छदे परस्परांना जुळून पेला तयार झालेला असतो. चिनी ॲस्टरच्या पानांना शेवंतीचा वास नसतो आणि त्याच्या फळावर बारीक केस असतात. जर्बेराची पाने जमिनीलगत गुच्छाने येतात व फुलाचा दांडा पर्णहीन असतो. शास्ता डेझी ही अमेरिकेत ल्यूथर बरबँक याने संकराने निर्माण करून १९०१ मध्ये प्रसृत केली. तिची गणना पूर्वी शेवंतीच्याच प्रजातीत होत असे. परंतु तिची पाने शेवंतीसारखी खंडित नसून दातेरी असतात व आज तिला वेगळ्या प्रजातीत ठेवले जाते.

मुंबई उपनगरांत आणखी एका वनस्पतीची भर पडते. रस्तादुभाजकांत, गृहनिर्माण संस्थांच्या आवारांत जमिनीवर पसरणारी, पिवळ्या डेझीसारख्या फुलांची वेडेलिया सर्वत्र दिसते. तिची पाने समोरासमोर असतात, एवढ्या एका खुणेवरून ती शेवंतीपासून वेगळी करता येते. ती उष्णकटिबंधीय अमेरिकेतील असून जगातील अत्यंत उपद्रवी अशा आक्रमक वनस्पतींच्या यादीत तिचा समावेश झालेला आहे. आपल्याकडील पिवळा माका ही तिचीच देशी नातलग होय. दोघींतील साम्यामुळे शोभेसाठी लावलेली परदेशी वनस्पती 'माका' म्हणून ओळखली जाण्याचा धोका संभवतो. हा प्रश्न केवळ वनस्पतिशास्त्राचा नाही. पिवळा माका औषधी असल्याने चुकीच्या ओळखीचे परिणाम थेट माणसापर्यंत पोहोचतात.

शास्त्रीय नावाचा प्रवास

कार्ल लिनियस याने १७५३ मध्ये या प्रजातीस 'क्रिसँथेमम' असे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ सोनेरी फूल असा होतो. त्यातील एका जातीस त्याने 'इंडिकम' हे विशेषण जोडले. त्यावरून ही वनस्पती मूळची भारतातील असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. पण तो चुकीचा ठरतो. तत्कालीन युरोपीय लेखनात 'इंडिया' व 'इंडिज' या संज्ञा पूर्वेकडील विस्तीर्ण प्रदेशासाठी ढोबळपणे वापरल्या जात. ही जात चीन, जपान व कोरिया या भागांत नैसर्गिक अवस्थेत आढळते. बागेतील मोठ्या फुलांची शेवंती म्हणजे 'क्रिसँथेमम मोरिफोलियम' होय. हे नाव १७९२ मध्ये रामातुएल याने दिले. ती चीनमध्ये दीर्घकाळ चाललेल्या संकर व निवडीतून सिद्ध झालेली आहे. चौथ्या-पाचव्या शतकांतील चिनी कवी ताओ युआनमिंग याचे नाव या फुलाशी कायमचे जोडले गेले आहे, यावरून चीनमधील त्याचे सांस्कृतिक स्थान लक्षात येते. पुढे जपानमध्ये ते सम्राटाच्या राजचिन्हावर आले. युरोपात त्याची लागवड त्या मानाने बरीच उशिरा, म्हणजे १७८९ मध्ये ब्लांकार नावाच्या व्यापाऱ्याने मार्सेय येथे रोपे आणल्यानंतर रुजली.

विसाव्या शतकात हे शास्त्रीय नावही स्थिर राहिले नाही. १९६१ मध्ये रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ त्सव्हेलेव्ह याने बागेतील शेवंती 'डेंड्रॅन्थेमा' या प्रजातीत समाविष्ट केली. परिणामी पुढील काही दशकांतील अनेक ग्रंथांत व कृषिविषयक लेखनात 'डेंड्रॅन्थेमा ग्रँडिफ्लोरा' हे नाव आढळते. बागायतदारांच्या व व्यापाऱ्यांच्या दृष्टीने हा बदल अत्यंत गैरसोयीचा होता. अखेरीस १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय पातळीवर 'क्रिसँथेमम इंडिकम' हीच प्रजातीची आदर्श जाती मानण्याचे ठरले आणि शेवंतीला तिचे जुने नाव परत मिळाले. येथे लक्षात घेण्याजोगी बाब ही की, शास्त्रीय नावालाही इतिहास असतो. १९८५ च्या पुस्तकातील एक नाव व २००५ च्या पुस्तकातील दुसरे नाव पाहून त्या दोन भिन्न वनस्पती आहेत, असा निष्कर्ष काढल्यास तो अनाठायी ठरेल.

'सेवती' आणि 'शेवंती'

देशी नावाचा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. मराठीत 'शेवंती', कन्नडमध्ये 'सेवंतिगे', तेलुगूत 'चामंति' व तमिळमध्ये 'सामंदी' अथवा 'सेव्वंदी' ही नावे एकाच फुलाची असून ती परस्परांशी जवळीक दाखवितात. हिंदीत मात्र 'सेवती' म्हणजे पांढऱ्या गुलाबाचा एक प्रकार होय. शेवंतीला तेथे 'गुलदाउदी' हे फारसी वळणाचे नाव आहे. संस्कृत निघंटूंतील 'शतपत्री' या शब्दाचा अर्थ देतानाही हिंदी टीकाकार 'सेवती' वा 'गुलाब' असाच पर्याय देतात.

यापुढे जाऊन एक समकालीन पुरावा विचारात घ्यावा लागतो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजल याने 'आईन-ए-अकबरी'त सुगंधी फुलांची यादी दिलेली आहे. तीत 'सेवती' हे फूल तांबड्या गुलाबासारखे परंतु आकाराने लहान, मध्ये सोनेरी केसर असलेले व चार ते सहा पाकळ्यांचे असल्याचे वर्णन आहे आणि ते गुजरात व दख्खन येथे होत असल्याचे नमूद केले आहे. चार ते सहा पाकळ्या व मध्ये केसर हे लक्षण शेवंतीला कोणत्याही प्रकारे लागू पडत नाही; एकेरी गुलाबाला ते अचूक लागू पडते. विशेष म्हणजे अबुल फजल ज्या प्रदेशाचा उल्लेख करतो तो आपलाच दख्खन आहे. अर्थात, आज जेथे 'शेवंती' म्हणजे निर्विवादपणे क्रिसँथेमम होय, त्याच प्रदेशातील 'सेवती' नावाच्या फुलाचे त्या काळचे वर्णन गुलाबाचे आहे.

यावरून जुन्या मराठी काव्यातील प्रत्येक 'सेवंती' म्हणजे गुलाबच होय, असे दुसऱ्या टोकाचे विधान करणेही योग्य नाही. उच्चारात साम्य असलेली दोन नावे निरनिराळ्या प्रदेशांत निरनिराळ्या फुलांना लागू असणे शक्य असते. तथापि पुराव्याचा भार कोणावर आहे, हे यातून स्पष्ट होते. फुलाचा ऋतू, रंग, पाकळ्यांचे स्वरूप, काटे, सुगंध यांपैकी काही तपशील त्या ओळीत वा आसपास असेल तरच ओळख निश्चित करता येते. जाई, जुई, चाफा, मोगरा, सेवंती अशी केवळ नामावळी असेल तेथे संपादकाने तळटीपेत शास्त्रीय नाव देण्याचा मोह टाळावा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे प. कृ. गोडे यांनी तंबाखूसारख्या वस्तूंचा इतिहास लिहिताना कालनिश्चिती झालेल्या उल्लेखांची क्रमवार मांडणी करण्याची जी शिस्त घालून दिली, तीच येथे उपयोगी पडणारी आहे.

मुंबईतील नोंदी आणि त्यांच्या मर्यादा

मुंबईत वनस्पतींच्या पद्धतशीर नोंदींना एकोणिसाव्या शतकात प्रारंभ झाला. १८३० मध्ये पश्चिम भारताच्या कृषी व उद्यानविद्या संस्थेची स्थापना झाली व शिवडी येथे तिची बाग उभी राहिली. टपाल खात्यातील अधिकारी जॉन ग्रॅहम याने मुंबई व परिसरातील वनस्पतींची सूची तयार केली. ती १८३९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी ग्रॅहम खंडाळा येथे मृत्यू पावला व सूचीचा उर्वरित भाग त्याच्या सहकाऱ्यांनी पूर्ण केला. त्यानंतर १८६१ मध्ये डॅल्झेल व गिब्सन यांचा 'बॉम्बे फ्लोरा' हा ग्रंथ आला. त्याला बाहेरून आणलेल्या व लागवडीखालील वनस्पतींची पुरवणी जोडलेली आहे. १८६२ मध्ये भायखळ्याची व्हिक्टोरिया गार्डन्स, म्हणजेच आजचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, जनतेसाठी खुली झाली. थिओडोर कूक याचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात खंडशः प्रसिद्ध झाला. पुढे सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर ब्लॅटर व फादर सांतापाव यांनी या कार्याला संग्रहाची भक्कम बैठक दिली. ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही संशोधकांना उपलब्ध आहे.

या परंपरेचे ऋण मान्य करूनही तिच्या दोन मर्यादा नोंदवाव्या लागतात. पहिली अशी की, वनस्पतिकोशांचा भर स्वाभाविकपणे जंगली वनस्पतींवर होता. लागवडीच्या फुलांना पुरवणीत वा एखाद्या टिपेत जागा मिळाली. त्यांच्या वाणांना तर तेवढीही मिळाली नाही. दुसरी मर्यादा सामाजिक स्वरूपाची आहे. बाग ज्याच्या मालकीची त्याचे नाव नोंदीत येते, रोप जगविणाऱ्या माळ्याचे येत नाही. वास्तविक वाणांची ओळख हे प्रामुख्याने माळ्यांचे व शेतकऱ्यांचे ज्ञान होते. महाराष्ट्रातील शेवंतीच्या वाणांची राजा, झिपरी, पांढरी रेवडी, पिवळी रेवडी, बग्गी ही नावे पाहावीत. 'झिपरी' हे नाव पाकळ्यांचा विस्कटलेपणा सुचविते. 'रेवडी' म्हटले की फुलाचा लहान, चपटा, भरीव आकार डोळ्यांपुढे उभा राहतो. ही एक स्वतंत्र वर्गीकरणपद्धती आहे आणि ती वनस्पतिकोशांतून नव्हे, तर बाजारातून व बांधावरून आपल्यापर्यंत आलेली आहे.

उपनगरांतील लागवड

शेवंती महाराष्ट्रात मुख्यत्वे पुणे, अहिल्यानगर, सोलापूर, सातारा व नाशिक या जिल्ह्यांत शेतपीक म्हणून घेतली जाते. साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या उपनगरांत, तिला तसे स्थान मिळण्यास निसर्ग अनुकूल नव्हता. शेवंतीला पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन लागते. मुळाशी पाणी साचल्यास रोप कुजते. उपनगरांत जून ते सप्टेंबर या काळात सरासरी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तर पुण्याचे वार्षिक पर्जन्यमान सुमारे ७०० मिलिमीटर आहे. साष्टीतील सखल खाचरे भातासाठी योग्य होती, शेवंतीसाठी नव्हे. त्यामुळे येथे शेवंती ही परसातील उंचवट्यावरची, ओट्याकडेची व कुंडीतील वनस्पती म्हणूनच वाढू शकत होती. बाजारातील गरज घाटावरून भागविली जाणे क्रमप्राप्त होते. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे लोहमार्ग सुरू झाला आणि १८६३ मध्ये बोरघाटातील मार्ग खुला झाला. नाशवंत मालाला घाटावरून मुंबईत थोड्या तासांत पोहोचता येऊ लागले, ही फुलांच्या व्यापाराच्या दृष्टीने निर्णायक घटना मानावी लागते. दादरची फूल मंडई रेल्वे स्थानकाला लागून असणे हा केवळ योगायोग नव्हे.

लागवडीची पद्धतही येथील हवामानाने घडविलेली आहे. बहर संपल्यावर झाड जमिनीलगत छाटले असता बुंध्याशी नवे फुटवे येतात. त्यांना शेतकरी 'काश्या' म्हणतात. घाटावर या काश्यांची लागवड एप्रिल-मे महिन्यांत करतात. उपनगरांतील कुंडीत मात्र काश्या पावसाळाभर आडोशाला जगविणे, हेच खरे कौशल्य असते. कुंडीच्या तळाशी खापऱ्या व जाड वाळू, वर माती व कुजलेले शेणखत, पावसाच्या माऱ्यापासून संरक्षण आणि पाऊस ओसरल्यावर भरपूर ऊन, असा हा क्रम आहे. रोप वीतभर झाल्यावर शेंडा खुडला की बाजूच्या फांद्या फुटतात व फुलांची संख्या वाढते. मोठे एकच फूल हवे असल्यास बाजूच्या कळ्या काढून टाकतात. मावा व फुलकिडे यांचा उपद्रव कळ्या धरण्याच्या सुमारास अधिक होतो.

शेवंतीचा बहर रात्रीच्या लांबीवर अवलंबून असतो. १९२० मध्ये गार्नर व ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दिवसाच्या लांबीचा व फुलण्याचा संबंध स्पष्ट केला. शेवंती ही लहान दिवसाच्या वनस्पतींत गणली जाते. मुंबईत सर्वांत मोठा दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान सुमारे अकरा तासांचा असतो. युरोपच्या तुलनेत हा फरक अल्प असल्याने येथे उष्णता व पाऊस यांचा प्रभाव अधिक जाणवतो. परंतु रात्रीच्या अंधारात प्रकाशाने खंड पडला तर कळ्या धरणे लांबते, हा नियम येथेही लागू आहे. रस्त्यावरील दिव्याच्या झोतात येणाऱ्या सज्जातील कुंडी निरोगी असूनही फुलत नाही, त्याचे कारण पुष्कळदा खतात नसून दिव्यात असते. शहरीकरणाचा परिणाम एका रोपाच्या ऋतुमानापर्यंत कसा पोहोचतो, याचे हे बोलके उदाहरण आहे.

हे शहरीकरण कालक्रमाने असे घडले : १९२० मध्ये मुंबई उपनगर जिल्हा अस्तित्वात आला. १९५० मध्ये अंधेरी, घाटकोपर आदी भाग आणि १९५७ मध्ये बोरिवली, मुलुंडपर्यंतचा विस्तारित भाग बृहन्मुंबईत समाविष्ट झाला. १९९० मध्ये उपनगर जिल्हा पुन्हा स्वतंत्र करण्यात आला. या काळात भातखाचरांच्या व वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या, बैठ्या घरांची परसे गेली आणि शेवंती सज्जात आली. परसातील रोप शेजारणीला काशी देऊन पसरत असे; सज्जातील रोप रोपवाटिकेतून विकत येते व बहर संपताच टाकून दिले जाते. काश्यांची देवघेव थांबली की वाणाचे नावही घरातून नाहीसे होते. 'राजा' की 'झिपरी' हे विचारणारेही उरत नाही. उरते ती केवळ 'पिवळी' व 'पांढरी'.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. शेवंती ही चीनमध्ये सिद्ध झालेली उद्यानवनस्पती असून तिच्या शास्त्रीय नावातील 'इंडिकम' हे विशेषण भारतीय उगमाचा पुरावा मानता येत नाही.

२. 'सेवती' हा शब्द सोळाव्या शतकात दख्खनमधील गुलाबासारख्या फुलासाठी वापरलेला आढळतो. म्हणून जुन्या वाङ्मयातील या शब्दाचा अर्थ प्रत्येक ठिकाणी संदर्भाने ठरवावा लागतो.

३. मुंबईतील वनस्पतीविषयक ग्रंथांची परंपरा समृद्ध असली, तरी लागवडीचे वाण व माळ्यांचे ज्ञान तिच्या कक्षेबाहेर राहिले.

४. उपनगरांतील शेवंतीचा इतिहास हा प्रामुख्याने परसाचा, कुंडीचा व रेल्वेने येणाऱ्या फुलांचा इतिहास आहे, शेतीचा नव्हे.

एखादे फूल बाहेरून आले, हे सिद्ध झाल्याने त्याचे आपल्या जीवनातील स्थान उणे होत नाही. उलट, परक्या वनस्पतीला नाव, व्रत, वेणी व ऋतू देऊन आपलेसे करण्याची समाजाची क्षमता त्यातून प्रकट होते. त्या प्रक्रियेची नोंद मात्र झाली पाहिजे. उपनगरांतील महाविद्यालयांना हे कार्य करणे सहज शक्य आहे. वनस्पतिशास्त्र, इतिहास व मराठी या तीन विभागांनी एकत्र येऊन परिसरातील शोभेच्या वनस्पतींचे वाळविलेले नमुने, त्यांची स्थानिक नावे, रोप कोठून आले याची माहिती व लागवडीची पद्धत एकाच पत्रकात नोंदवावी. नमुन्याशिवाय नाव संदिग्ध राहते आणि नावाशिवाय नमुना मुका राहतो. वाड्यांतून शेवंती लावलेली पिढी आज वृद्ध झाली आहे; तिच्याकडील वाणांची नावे टिपून घेण्यास फार अवधी उरलेला नाही.